रोज एकदा इडली सांबार उगाच बनवते

२७ सप्टेंबर २००७, गुरुवार

ही डायरी खरं तर २००४ सालची. यांच्या ऑफिसातून फुकट आली होती, कोरीच राहिली. छापलेला वार खोडून वर खरा वार लिहायचा, झालं. कोरी वही टाकून द्यायची आमच्या राजापूरकडे पद्धत नाही.

लिहायचं कारण असं की आजपासून मी धंदा सुरू केला. जुन्या कॅसेटची सीडी करून द्यायची. आमच्या एव्हरशाईन सिटीत प्रत्येक घरात माळ्यावर बुटाच्या खोक्यात कॅसेट पडून आहेत. कोणाच्या मुंजीतल्या मंगलाष्टका, कोणाच्या आजोबांचं कीर्तन. आणि वाजवायला धड टेप कोणाकडे नाही. बँकेतून व्हीआरएस घेऊन सहा वर्षं लोणची घातली. आता पुरे.

हे म्हणाले, "मनोरमा, आज पितृपक्ष लागला. आज कोणी धंदा सुरू करतं का?"

मी म्हटलं, "बरेचसे आवाज गेलेल्या माणसांचेच आहेत. त्यांना चालेल."

गप्प बसले. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी एवढं नक्की शिकलेय की ह्यांना गप्प बसवायला एकच वाक्य लागतं, पण ते वेळेवर सुचावं लागतं.

कॉम्प्युटर सुमेधचा जुना. चिरंजीव नोकरीला बंगळूरला गेले आणि जाताना त्यावर लिनक्स बसवून गेले. "आई, फुकट आहे आणि व्हायरस येत नाही." येत नाही हे खरं. पण मधूनच गोठतं मेलं. माउस हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ थांबतं. यावर यांचा उपाय म्हणजे खोक्याला दोन चापट्या, आणि तरी नाही ऐकलं तर मेन स्विच. म्हणून सुमेधने मॉनिटरच्या कडेला कागद डकवलाय: "गोठलं तर मेन स्विच बंद करू नका. (बाबा, हे तुमच्यासाठी.)" खाली उपाय. डावं ऑल्ट दाबून धरायचं, सोबत प्रिंट स्क्रीनचं बटण दाबून धरायचं, आणि एकेक अक्षर दाबत जायचं: आर, ई, आय, एस, यू, बी. प्रत्येक अक्षरानंतर पाच सेकंद थांबायचं. शेवटच्या बीला मशीन सगळी झाकपाक करून नीट बंद होतं आणि परत सुरू होतं.

अक्षरं लक्षात राहीनात, म्हणून मी वाक्य केलं. रोज एकदा इडली सांबार उगाच बनवते. सुमेध फोनवर हसत सुटला.

१ ऑक्टोबर, सोमवार

चौथ्या मजल्यावरच्यांची बारशाची कॅसेट चालू असताना गोठलं. मी धाडधाड रोज-एकदा-इडली-सांबार करून टाकलं. ढिम्म. सुमेधला फोन.

"पाच सेकंद थांबलीस?"

"थांबले."

"आई."

"एक सेकंद थांबले."

त्याचं म्हणणं, प्रत्येक अक्षराला आत काम असतं. कोणाला जागेवरून उठवायचं, कोणाला दप्तर आवरायला सांगायचं. ते होऊ द्यायला नको का? दुसऱ्यांदा बोटं मोजत थांबले, तर झालं की! थांबणं हा माझा विषय नाही. कुकरची तिसरी शिट्टीसुद्धा मी चमच्याने वाफ सोडून उरकते.

३ ऑक्टोबर, बुधवार

आज एक मजेशीर गिऱ्हाईक. जवळच्या उमेळे गावच्या आनंदीबाई. आमच्या गेटवर गजरे आणि राजेळी केळी घेऊन बसतात त्याच. वाडी स्वतःची आहे, पण घरी बसवत नाही म्हणून येतात. सत्तरी ओलांडलेली. आवाज घोगरा, बोलताना मधेच तुटतो.

पदराच्या गाठीतून कॅसेट काढली. त्यांच्या गावात लग्न असलं की हळदीची गाणी सांगायला यांनाच बोलावणं. एक ओळ या म्हणायच्या आणि बाकीच्या बायकांनी झेलायची. पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी टेप केलं होतं. मी कॅसेट उघडली तर आतल्या फितीवर पांढरी बुरशी. गेलेली केस.

"मग आता?" त्या म्हणाल्या. नात कृतिकाचं लग्न डिसेंबरात. आणि यांच्या घशात, आवाजाच्या तारेवर गाठ. डॉक्टरांनी दसऱ्यानंतर ऑपरेशन सांगितलंय. त्यानंतर आवाज राहील, पण हा राहणार नाही, आणि गाणं विसरा, असं तोंडावर सांगितलं म्हणे.

"मग ऑपरेशनच्या आधी इथे येऊन गा," मी म्हटलं. "माइक आहे. सात गाणी, एका दुपारचं काम. कृतिकाच्या हळदीला सीडी वाजेल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. येईन."

जाताना विचारलं, खराब सीड्या आहेत का. पेरूवर पोपट येतात, झाडाला चकचकीत काही टांगलं की बिचकतात. सुमेधच्या ड्रॉवरमधला सगळा गठ्ठा देऊन टाकला. अडगळ गेली.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आनंदीबाई आल्या. माइक लावला, खुर्चीवर उशी ठेवली, पंखा बंद केला. बाईंनी पदर सावरला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "मनोरमाताई, पितृपक्षात हळदीची गाणी म्हनायची नाहीत."

हे परवा नाही सुचलं? पण शास्त्र ते शास्त्र. चहा प्यायल्या, वाटाणे सोलून दिले, दोन तास बसून गेल्या.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

आज घट बसले. पितृपक्ष संपला. आनंदीबाई आल्या आणि म्हणाल्या की उपासाच्या पोटाने आवाज लागत नाही. नऊ दिवसांचा उपास आहे. मी म्हटलं, राजगिऱ्याचा लाडू खा. खाल्ला. आवाज लागला नाही.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

आज म्हणे झेलणारी बाई हवी, एकटीने ही गाणी होत नाहीत. मी म्हटलं, मी झेलते. त्यांनी मला एक ओळ म्हणायला लावली.

मांडवदारी केळीचे खांब,
हळदीची नवरी जराशी थांब.

मी म्हटली. बाईंनी कानामागे हात धरून ऐकलं. मग म्हणाल्या, "तुमचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा हाय. आनि 'जराशी'नंतर थांबायचं असतं. तुम्ही पळता."

म्हणजे आज गाण्याऐवजी माझी शिकवणी झाली! दीड तास. शेवटी मशीन गोठलं, तर ह्या बाई चक्क खूश. "बरं झालं. उद्या बघू," म्हणाल्या आणि हसत उठल्या. माझं इथे डोकं फिरलंय आणि यांना हसू येतंय. म्हातारपणी वेळ जात नाही, आणि माझा चहा आवडतो, एवढाच अर्थ.

कृतिका संध्याकाळी न्यायला आली तेव्हा म्हणाली, "काकू, आजीने ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे ढकललीय. या वेळेला डॉक्टर चिडलेत. बुधवारी चोवीसला भरती करायचंच. प्लीज तुमचं रेकॉर्डिंग लवकर उरका, नाहीतर गाणी राहिली म्हणून परत नाही म्हणेल."

मी उरकतेच आहे गं बाई. तुझ्या आजीला सांग.

२० ऑक्टोबर, शनिवार

खंडेनवमी. सकाळी सकाळी आनंदीबाई हजर, हातात ताम्हन आणि झेंडूच्या माळा. आज त्यांच्याकडे कोयता, पहार, पंप सगळ्यांची पूजा. "आनि माझा आवाज ज्याच्यात राहनार, त्याची पूजा नको?" मला पटलं. कॉम्प्युटरला माळ घातली. माउसला कुंकू लावलं, कीबोर्डवर हळद-कुंकू, फूल आणि वर मूठभर ओल्या अक्षता. हात मोकळा आहे बाईंचा. डोळे मिटून बराच वेळ काहीतरी पुटपुटत होत्या. मी नैवेद्याला पेढा ठेवला, तो आमच्या यांनी मशीनच्या आधी खाल्ला.

आज आणि उद्या मशीनला सुट्टी. अवजार पूजेला बसवलं की वापरायचं नाही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

दमून, झोपता झोपता लिहितेय. अक्षर समजून घ्यावं.

उद्या भरती म्हणजे आजचा शेवटचा दिवस. कृतिका आजीला दुपारी एकला सोडून कामावर गेली. मी आधीच सांगितलं, आज उपास नाही, पितृपक्ष नाही, झेलायला डबा तयार आहे. आता काय काढताय?

काही काढलं नाही. पदर खोचला आणि गायल्या. काय सांगू! बोलताना तुटणारा तो आवाज गाण्यात तुटतच नव्हता. घोगरा होता, पण पहाटे विहिरीवरचा रहाट चालावा तसा भरून येत होता. पाच गाणी झाली. मी मधे चहा करायला गेले, रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवून, कारण ते बंद-चालू केलं की गोठतं. परत आले तेव्हा बाई मशीनकडे तोंड करून बसल्या होत्या. चहा घेतला, उरलेली दोन गाणी म्हटली. शेवटच्या ओळीला आवाज संपलाच. नुसती हवा. त्यांनी हाताने खूण केली, झालं.

आता माझं पाप लिहिते. सुमेधने हजारदा सांगितलंय की रेकॉर्डिंग आधी सेव्ह करायचं, मग दुसरं काय ते. पण मी सीडीच्या कव्हरसाठी आनंदीबाईंचा फोटो स्कॅन करून ठेवला होता, केवढा तरी मोठा. म्हटलं, आत्ता दाखवते, बाईंना बरं वाटेल. उघडला. अर्धा फोटो आला, नाकापर्यंत. आणि गोठलं.

घड्याळ दोन पस्तीसला थांबलं. आज मंगळवार. लोडशेडिंग, साडेतीनला लाइट जाते ती सहाला येते. आणि आमचा यूपीएस पाच मिनिटं कुंईकुंई करून मान टाकतो.

मी रोज एकदा इडली सांबार उगाच बनवते केलं. काही नाही. बोटं मोजून, नीट थांबून परत केलं. काही नाही. तिसऱ्यांदा केलं. मग सुमेधला फोन लावला.

तो मीटिंगमध्ये होता, बाहेर आला. मी सगळं सांगितलं. तो ओरडला, "आई, थांब! बी दाबू नकोस!"

"तीनदा दाबलं. काही होतच नाहीये."

"नशीब समज." मग त्याने समजावलं. सेव्ह न केलेली गाणी मशीन एका तात्पुरत्या खोलीत ठेवतं, आणि परत सुरू झालं की पहिलं काम म्हणजे ती खोली झाडून काढणं. माझं वाक्य पुरं झालं असतं तर गाणी केरात. लाइट गेली तरी केरात.

"पण घाबरू नको. माझ्या ड्रॉवरमध्ये लिनक्सची सीडी आहे. लाइट आल्यावर ती घालून सुरू केलंस की ते ती खोली झाडत नाही."

मी रिकाम्या ड्रॉवरकडे पाहिलं.

"आई? सीडी कुठाय?"

"उमेळ्याला. पेरूला टांगलीय. पोपटांसाठी."

फोनवर एवढी शांतता मी बँकेत ऑडिटच्या वेळीसुद्धा ऐकली नव्हती.

"ठीक आहे," तो म्हणाला. पोरगा गुणाचा आहे, ओरडला नाही. "मग फक्त रोज. पुढे जायचं नाही. आर दाबलास की गोठलेल्या खिडकीच्या हातातून कीबोर्ड सुटतो. मग मी तुला काळ्या पडद्यावर नेतो. तिथून गाणी उचलून दुसऱ्या खोलीत ठेवू."

दाबलं. काही नाही. मी म्हटलं, अरे, हे प्रिंट स्क्रीनचं बटण खालीच जात नाही, आत काहीतरी मऊ लागतंय. पडद्यावरचं घड्याळ मेलं होतं, पण भिंतीवरचं चालू होतं. तीन वाजून पाच मिनिटं.

कीबोर्ड उलटा करून आपटला. झेंडूच्या पाकळ्या पडल्या. कुंकू पडलं. तांदळाचे अकरा दाणे पडले. मी आनंदीबाईंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अक्षता," मी म्हटलं.

खूप राग आला, खोटं कशाला बोलू. पण माझाच फोटो, माझीच घाई, माझंच मशीन. कोणत्या तोंडाने रागावणार? मी नुसतं म्हटलं, "आनंदीबाई, गाणी चालली. पंचवीस मिनिटांनी लाइट जाईल आणि तुमची सगळी गाणी जातील. आता परत गाता येणार नाही तुम्हाला."

मला वाटलं, त्या मागच्या मंगळवारसारखं हसतील, उद्या बघू म्हणतील. हसल्या नाहीत. कधी नव्हे ते तोंड उतरलं. काही क्षण पडद्यावरच्या आपल्या अर्ध्या फोटोकडे बघत बसल्या. मग उठल्या, अंबाड्यातला आकडा काढला, केस पाठीवर सुटले, आणि माझ्या हातातून कीबोर्ड ओढून मांडीवर घेतला. गजऱ्याची फुलं ओवणारी बोटं ती. बटण अलगद उचकटलं. खाली हळदीत वाळून चिकटलेला एकच दाणा. आकड्याच्या टोकाने खरवडून काढला, बटण परत बसवलं आणि कीबोर्ड माझ्यापुढे ठेवला. घशातून आवाज येत नव्हता. ओठांनी म्हणाल्या, "थांबून."

थांबले. ऑल्ट, प्रिंट स्क्रीन, आर. एक, दोन, तीन, चार, पाच. सुमेधने सांगितली ती पुढची तीन बटणं. पडदा काळा झाला आणि पांढऱ्या अक्षरात माझं नाव विचारलं. मी रडलेच.

"आई, रडू नको, टाइप कर."

पासवर्ड टाइप करते तर काही उमटेचना. "उमटत नाही तो, लाजतो. टाइप करत राहा," सुमेध म्हणाला. मग एकेक अक्षर, एकेक रेघ, त्याने फोनवर सांगायचं आणि मी दोन बोटांनी दाबायचं. इथे जागा सोड, इथे तिरकी रेघ, उजवीकडे झुकलेली, अगं दुसऱ्या बाजूला नाही. दोनदा चुकलं. मशीन म्हणालं असं काही नाहीच. तिसऱ्यांदा काही न बोलता गप्प बसलं. सुमेध म्हणाला, लिनक्स गप्प बसलं म्हणजे काम करतंय. बाबांच्या उलट.

तीन सत्तावीस. "झालं. आता सगळं वाक्य म्हण. सावकाश."

रोज. एकदा. इडली. सांबार. उगाच. प्रत्येकाला आनंदीबाई पाच बोटं मिटत होत्या. बनवते. मशीन बंद झालं, परत सुरू होऊन अर्ध्यावर आलं आणि लाइट गेली. पाठोपाठ यूपीएसनेही मान टाकली.

सहा वाजेपर्यंत आम्ही दोघी गॅलरीत बसलो. गाणी आहेत की गेली, कोणालाच माहीत नाही. त्यांनी माझ्या वेणीला गजरा माळला. सहाला लाइट आली. सुमेधने सांगितलेल्या खोलीत चारशे अकरा फायली होत्या. प्रत्येक सहा सेकंदांची. एक उघडली. त्यांच्या आवाजात नुसतं "केळीचे खां".

मी म्हटलं, "तुमच्या अक्षतांनी घोटाळा केला होता हो." सुमेध अजून फोनवर होता, तो म्हणाला, "आई, तो दाणा नसता तर तू पहिल्याच फटक्यात बी दाबून मोकळी झाली असतीस." हे मी आनंदीबाईंना सांगितलं. त्यांनी भुवया उडवल्या. म्हणजे, मग काय उगाच वाहिल्या का?

२४ ऑक्टोबर, बुधवार

ऑपरेशन झालं. मी आणि कृतिका बाहेर बसलो होतो. आत नेताना बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. सोडवून घ्यायला नर्सला यावं लागलं.

३० ऑक्टोबर, मंगळवार

गाठीच्या तपासणीत वाईट काही निघालं नाही. देवाची कृपा. तीन आठवडे तोंडातून शब्द काढायचा नाही. कृतिकाने पाटी-पेन्सिल आणून दिलीय. मी भेटायला गेले तर पाटीवर लिहिलं, "चहा बरा नाय हितला."

८ नोव्हेंबर, गुरुवार

सुमेध दिवाळीला आला. फराळाचा डबा एका हाताशी आणि दुसऱ्या हाताने तुकडे जोडत बसलाय. चारशे अकरा. दुपारी म्हणाला, "आई, मधले पन्नासेक तुकडे गाणं नाहीये. तू चहाला गेलीस तेव्हाचं असणार. उडवू?"

मी म्हटलं, ऐकते आधी. हेडफोन लावला.

आधी माझ्या स्वयंपाकघरातलं भांडं पडल्याचा आवाज. मग खुर्ची करकरली. मग त्यांचा आवाज, अगदी माइकजवळ, लहान पोराला समजवावं तसा.

"ऐक ना रे. परवा तुला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, ध्यानात हाय ना? आज बंद पड. परवा पडलास ना आपला आपन, तसा. तू बंद पडलास की मग मी सांगेन, गानी राहिली, तारीख पुढं घ्या. ही बाई लई घाई करते. हिला काय, हिचं काम उरकायचंय. गानी संपली की मला तिकडं जायला लागेल. तिथं झोपवतात नि गळ्यात सुरी घालतात. नि उठले नाही तर? मला भ्या वाटतं रे. कोनाला सांगू? पोरीचं लगीन हाय, घरात सगळी हसतात. तुला सांगते. बंद पड, बाबा."

मग माझ्या बांगड्यांचा आवाज आणि मी, "काय हो आनंदीबाई, साखर कमी घातलीय हां."

सुमेध विचारत होता, काय झालं. मी म्हटलं, कांदा चिरत होते. कांदा कुठे होता?

पितृपक्ष, उपास, झेलणारी, डबा. सगळं आता कळतंय मला. मी मेली तीन आठवडे चहाच्या कपांना रडत होते. त्या दिवशी मशीन खरंच बंद पडलं होतं. त्यांनी मागितलं होतं तसंच. आणि तरी आकडा त्यांनीच काढला.

सुमेधला सांगितलं, सीडीतून हा भाग काढ, पण उडवू नको. वेगळा ठेव. कुठे ठेवलाय ते मलाच माहीत असेल.

११ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. फराळ घेऊन उमेळ्याला गेलो, मी आणि सुमेध. पेरूवर त्याची लिनक्सची सीडी फिरत होती. पोपट तिच्या शेजारी बसून पेरू खात होता. सुमेधने त्याचा फोटो काढला.

मी सीडी वाजवली. बाई डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होत्या, माझा पत्र्याचा डबा आला की नाक मुरडत होत्या. संपल्यावर पाटी ओढली. "मधलं कुठं गेलं?"

मी म्हटलं, "कोणतं मधलं?"

माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग पाटी पुसली आणि लिहिलं, "खोटारडी." खांदे हलेपर्यंत हसल्या, आवाज न काढता. मग माझ्या हातावर हात ठेवून बसल्या. मीही बसले. कुकरची आठवण झाली नाही की कशाची नाही.

८ डिसेंबर, शनिवार

कृतिकाची हळद. मांडवात शंभर बायका, केळीचे खांब, पिवळी झालेली नवरी. आनंदीबाईंना आता बोलायला परवानगी आहे, पण आवाज म्हणजे जाड्याभरड्या पिठासारखा, खालचा. गाणार नाही असं त्यांनीच सगळ्यांना सांगून टाकलेलं. स्पीकरला सीडी लावली. त्यांचा आवाज मांडवभर गेला आणि बायका झेलू लागल्या. तिसरं गाणं सुरू झालं,

मांडवदारी केळीचे खांब...

आणि लाइट गेली. शनिवारी वेळापत्रकात नाही, काही नाही, तरी गेली. जनरेटरवाला जेवायला गेलेला.

नवरीच्या गालावर हळदीचा हात तसाच राहिला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जशी काही मीच वीज कंपनी. मी आनंदीबाईंकडे पाहिलं. त्यांनी हनुवटीने खूण केली. मला.

मी म्हटलं, मी? माझा डबा?

परत खूण.

चारशे अकरा तुकडे ऐकून ऐकून पाठ झालंय मला, झोपेतही म्हणेन. सगळी लाज गुंडाळून ठेवली आणि सुरू केलं. हळदीची नवरी जराशी... पत्रा वाजला मांडवात. कोणीतरी फिसकन हसलं. आणि मग माझ्या शेजारून, खालून, तो जाडाभरडा आवाज आला, ओळ झेलत. थांब गं, जराशी थांब. आनंदीबाई. मी सांगत होते आणि त्या झेलत होत्या. दुसऱ्या ओळीला सगळ्या बायका आल्या.

लाइट आली तेव्हा चौथं गाणं चालू होतं. स्पीकरमधून त्यांचा जुना आवाज एकदम सुरू झाला, तर कृतिकाच उठली आणि बटण बंद केलं. आम्ही सातही म्हटली.

शेवटी बाईंनी मला जवळ ओढलं. मला वाटलं, शाबासकी मिळणार. माझ्या गालाला हळद फासली आणि त्या नव्या आवाजात म्हणाल्या, "तिसऱ्याला पळालीस परत. थांबायचं असतं तिथं, पोरी. किती येळा सांगू?"